पाय मागे घेणारा तुलाराम

आसगावात तुलारामला तुलाराम म्हणणारी माणसं तीनच. त्याची माय सत्यभामाबाई, बायको कुंताबाई आणि भंडाऱ्याहून महिन्यातून एकदा एसटीने येणारे ख्रिस्ती पाळक मधुकरराव. बाकी गावाला तो ‘पळपुटा देव’. शाळकरी पोरांपासून पाटलाच्या गड्यापर्यंत सगळे याच नावाने हाक मारत आणि तोही ओ देई. माणसाने रागवायचं तरी किती दिवस?

हे नाव त्याला मिळालं त्र्याहत्तरच्या नाताळात, भर दुपारी. आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की हाताला जरा उसंत मिळते आणि गावोगाव दंडार उभी राहते. ढोलकी, झांज, रंगवलेली तोंडं आणि देवादिकांच्या कथा. गावातल्या अकरा ख्रिस्ती घरांनी त्या वर्षी ठरवलं की आपणही दंडार करायची, येशूची करायची. ख्रिस्ती मंडळीतले वडीलधारे सोमाजी यांनी येशूच्या सोंगासाठी तुलारामला धरलं. कारण एवढंच, की तो उंच होता, अंगाने वाळका होता आणि कधी कोणाशी मोठ्याने बोलत नसे. कुंताबाईने तिचं पांढरं लुगडं दिलं, अंबाडीच्या तागाची दाढी झाली, आणि तीन आठवडे तुलाराम धानाच्या बांधीत आणि घरात, बैलापुढे आणि बायकोपुढे, आपली वाक्यं घोकत राहिला. एक शब्द चुकायचा नाही असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

शब्द चुकलाच नाही, कारण बोलायची वेळच आली नाही. दंडारीत देवाचं सोंग उभं राहिलं की खेळाआधी गावातल्या बायका त्याला ओवाळतात, हा इकडचा जुनाच रिवाज. रामाला ओवाळतात, कृष्णाला ओवाळतात, मग येशूला का नाही? पाटलीनबाई चंद्रभागाबाई ताट घेऊन पुढे आल्या, मागे दहा-बारा बायका. त्यांनी तुलारामला कुंकू लावलं, दिवा ओवाळला आणि खाली वाकून त्याचे पाय धरले.

तीन आठवड्यांच्या घोकंपट्टीत हे कोणीच सांगितलं नव्हतं. तुलाराम दचकला. त्याने एक पाय मागे घेतला, मग दुसरा. पाटलीनबाई पुढे सरकल्या तसा तो आणखी मागे झाला. तखतपोस, म्हणजे खेळाचा लाकडी मंच, संपला हे त्याला कळलं तेव्हा तो खालच्या तणसाच्या, धानाच्या पेंढ्याच्या ढिगात उताणा पडला होता आणि दाढी एका कानाला लोंबत होती.

“देव पळाला!” कोणीतरी ओरडलं. सारं गाव पोट धरून हसलं. दंडार पुढे झाली, पण तुलारामने तोंड उघडलं की मागून कोणीतरी “पळाला, पळाला” करी. वधस्तंभावर टांगला तेव्हासुद्धा लोक हसत होते. शरमेने त्याला रडू आलं आणि ते रडणं सोंगातलं आहे असं समजून चार बायका रडल्या, तेवढंच काय ते खेळाचं यश.

चंद्रभागाबाई मात्र हसल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुलारामला बोलावून विचारलं, “आमी त देव समजून ओवाळलं बाप्पा. तू पळालास काहून? तुमचा तो येशू देव हाय का नाही?”

“हाय,” तुलाराम म्हणाला.

“मंग?”

मग काय, हे तुलारामला सांगता आलं नाही. तो मान खाली घालून घरी आला.

तुलाराम तसा कोण मोठा माणूस नव्हता. दोन एकर धानाची बांधी, एक बैलजोडी, आणि उन्हाळ्यात गावभर कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फेरायचं काम. पावसाआधी घराचे सगळे कवेलू उतरवायचे, फुटके वेगळे काढायचे, बाकीचे झाडून पुन्हा एकावर एक बसवायचे. या कामाला घाई चालत नाही. एक कवेलू जरी आडवा बसला तरी आषाढात पाणी नेमकं त्याच खालच्या माणसाच्या डोक्यावर गळतं. तुलारामने फेरलेलं छप्पर गळत नसे, कारण तो प्रत्येक कवेलू हातात घेऊन उन्हाकडे धरून पाही. गाव त्याला हसे, पण छपरावर त्यालाच चढवी.

वाचायला तो शिकला सव्विसाव्या वर्षी, तेही मायसाठी. सत्यभामाबाई मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीत पोरकी झाली होती. मिशनच्या अनाथालयात वाढली, तिथे वाचायला शिकली आणि लग्न होऊन आसगावला येताना एकच चीज बरोबर आणली, काळ्या पुठ्ठ्याचं पवित्र शास्त्र. ते तिने तीस वर्षं रोज वाचलं. मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं आणि दुसऱ्याचं तिने करू दिलं नाही. तेव्हा तिने थोरल्या पोराला समोर बसवून अक्षरं शिकवली. पुस्तक तिला दिसत नसे, पण पोर चुकलं की कळत असे, कारण अर्धं तिला पाठ होतं. तुलाराम ओळीखाली बोट धरून अडखळत वाची आणि माय मध्येच म्हणे, “तसं नाही. मांगं जा, पुन्हा वाच.”

धाकटा घनश्याम वाचनात हुशार. तो नागपूरला कापडगिरणीत लागला होता. तिथे त्याला दारूचा नाद लागला, पगार घरी येईना, बायको माहेरी गेली. मग एकाएकी तो सुधारला. त्याच्या चाळीत शास्त्र शिकवणारी काही माणसं येत. त्यांनी त्याला दारू सोडवली, बायको परत आणवली. त्या माणसांची शिकवण मात्र वेगळी होती. येशू देवाचा पुत्र आहे, देवाने सगळ्यांत आधी निर्माण केलेला आहे, पण तो देव नाही, असं ते मानत. घनश्यामने त्यांचं म्हणणं मानलं. ज्यांनी बुडता हात धरला त्यांचं कोण मानणार नाही?

शहात्तरच्या मे महिन्यात तो गावी आला तो हातात पुस्तिका घेऊन. रविवारी प्रार्थनेच्या खोलीत प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीसाठी सगळ्यांनी एकाच पोळीतून तोडून खायचं. कुंताबाईने लाटलेली पोळी, आणि काळ्या मनुका भिजवून काढलेलं पाणी. पाळक मधुकररावांनी पोळी तोडली आणि ताट फिरलं. घनश्यामपुढे आलं तेव्हा त्याने हात जोडले आणि ताट पुढे जाऊ दिलं. खोलीत सगळ्यांनी ते पाहिलं. सत्यभामाबाईला दिसत नव्हतं, पण ताट कोणापुढे थांबलं नाही हे तिने कानाने ओळखलं.

प्रार्थना झाल्यावर घनश्याम उभा राहिला. “मी भांडाले नाही आलो. मले फक्त शास्त्रातून दाखवा,” तो म्हणाला आणि त्याने सरळ तुलारामकडे पाहिलं. पाळक नसले की रविवारचं वाचन तुलारामच करी.

“दादा, येशू खुद्द म्हणते, बाप माह्याहून मोठा हाय. म्हणते का नाही?”

“म्हणते.”

“शेवटचा दिवस कवा येईन ते पुत्रालेबी ठावं नाही, एकट्या बापाले ठावं हाय, हेबी तोच म्हणते. देवाले ठावं नाही असं काही असते का? एका माणसानं त्याले उत्तम म्हटलं, त तो म्हणे, मले उत्तम काहून म्हणतेस, उत्तम एकटा देव हाय. आन बागेत घाम गळेस्तोवर प्रार्थना केली ती कोनाले? सोताले?”

तुलारामने पाठ केलेलं उत्तर दिलं. तो देवही आहे आणि माणूसही आहे. थोमा नावाच्या शिष्याने पुन्हा उठलेल्या येशूच्या जखमा पाहिल्या तेव्हा त्याला प्रभू म्हटलं, देव म्हटलं.

“आपनबी भूत पाह्यलं त ‘अरे देवा’ म्हणतो,” घनश्याम म्हणाला. “म्हणून का भूत देव होते?”

दोघं-तिघं हसले. तुलारामने पानं उलटायला सुरुवात केली. ओळी दिसत होत्या, अक्षरं लागत नव्हती. आणि मग घनश्याम जे बोलला ते त्याने बोलायला नको होतं.

“दादा, तुलेबी मनातून पटत नाही. पटलं असतं त ओवाळाच्या वक्ती पळाला असतास का? तोंडानं देव म्हणतेस, पन तुहे पाय खरं बोलले.”

तुलाराम खाली बसला. त्याला वाटलं, तखतपोस पुन्हा संपला.

त्याच रविवारी संध्याकाळपर्यंत अकरांपैकी पाच घरं घनश्यामकडे झुकली. त्याचं मुद्देसूद बोलणं लोकांना आवडलं होतं, आणि दारू सुटलेला माणूस डोळ्यांसमोर उभा होता. सोमाजी भडकले. दुसरी शिकवण देणाऱ्याचं नाव मंडळीच्या वहीतून काढलं पाहिजे, त्याच्याशी खाणंपिणं बंद केलं पाहिजे, असा त्यांनी पाळकांपुढे आग्रह धरला.

घरी सत्यभामाबाई बाजेवर बसली होती. तिने दोन्ही पोरांना जवळ बोलावलं, चाचपडत दोघांचे हात धरले. “कोनतं खरं ते मले ठावं हाय,” ती म्हणाली. “पन माहे दोन पोरं एका पोळीतून तोडत नसन, त मी कायची माय? तुलाराम, तू सोता वाच. पाळकानं पाठ करून देल्लं सांगशीन त तुहा भाऊ ऐकणार नाही. मीबी ऐकणार नाही.”

तुलारामला जन्मात एवढी मोठी जबाबदारी कोणी दिली नव्हती. भाऊ मंडळीबाहेर जायचा तर त्याला शिकवलेल्या खोट्यामुळे जाऊ नये आणि राहायचा तर आपण सांगितलेल्या खोट्यामुळे राहू नये, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. तो तसाच उठून पाळकांकडे गेला आणि सोमाजींसमोर म्हणाला, “पुढच्या पुनरुत्थानाच्या रविवारी, ईस्टरले, मी उत्तर देतो. तवापर्यंत कोनाचंबी नाव काटाचं नाही.”

“वर्षभर?” सोमाजी म्हणाले. “तू आन उत्तर देशीन? पळपुट्या!”

“यावेळी नाही पळत,” तुलाराम म्हणाला. मधुकररावांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि होकार दिला.

तुलारामने शास्त्र वाचायला घेतलं ते कवेलू फेरतो तसं. पहिल्या पानापासून नवा करार, एक-एक ओळ हातात घेऊन, उन्हाकडे धरून. पहाटे बैलांना चारा टाकायचा, मग मायजवळ बसून एक अध्याय. धानाच्या रोवण्याच्या, लावणीच्या दिवसांत अंग मोडून निघे, तरी अध्याय चुकला नाही. कुंताबाई कुरकुरली, “सोमाजी पोथी वाचते आन गप्पा मारते, तू पोथी वाचतेस आन भात थंडा करतेस.” पण तिनेच बैलांचा चारा आपल्याकडे घेतला.

घनश्यामने दाखवलेल्या सगळ्या जागा त्याला सापडल्या. एकही खोटी नव्हती. बाप मोठा, असं लिहिलं होतं. पुत्राला ठाऊक नाही, असंही लिहिलं होतं. तुलारामने त्या ओळी पुन्हा वाचल्या. पण त्याने एकही ओळ बाजूला सारली नाही. फुटका कवेलू झाकून ठेवला तर छप्पर गळतं, हे त्याला इतर कोणापेक्षा जास्त ठाऊक होतं.

मग भादव्यात, प्रेषितांची कृत्यं वाचताना, लुस्त्र गावची गोष्ट आली. पौल आणि बर्णबा हे येशूचे दोन प्रचारक तिथे एका लंगड्याला बरं करतात. गावकऱ्यांना वाटतं, आपल्या गावात देवच माणसाच्या रूपाने उतरले. पुजारी बैल आणि फुलांच्या माळा घेऊन येतो, आता यांची पूजा करायची. आणि ते दोघं काय करतात? आपले कपडे फाडतात, धावत गर्दीत उडी घेतात आणि ओरडतात, अरे हे काय करता, आम्हीही तुमच्यासारखीच माणसं!

तुलाराम वाचता वाचता थांबला.

“काहून थांबला?” माय म्हणाली.

“माय, हे त मी.”

“का?”

“हे ओवाळाले आले आन ते पळाले. मीबी पळालो.” आणि तुलाराम हसायला लागला. तीन वर्षं गावाने हसून हसून जे हसू त्याच्याकडून हिरावून घेतलं होतं ते सगळं एकदम परत आलं. हसता हसता डोळे भरून आले. “पौल पळाला, माय! बर्णबा पळाला! मी एकटाच नव्हतो!”

सत्यभामाबाईने त्याला हसू दिलं. मग ती हळूच म्हणाली, “आन येशू?”

 तुलारामने पुस्तक बंद केलं, पुन्हा उघडलं आणि नव्या कराराच्या सुरुवातीला, मत्तीच्या पहिल्या पानावर गेला. त्या दिवसापासून तो एकच गोष्ट शोधू लागला. कोण कोणाचे पाय धरतं आणि पाय धरल्यावर तो माणूस काय करतो? जिथे सापडेल तिथे तो तणसाची एक काडी घालून ठेवी. येशूचा शिष्य पेत्र, त्याचे पाय एका शिपायांच्या नाईकाने धरले, पेत्राने त्याला उठवलं, म्हणाला, ऊठ, मीही माणूसच. एक काडी. अगदी शेवटच्या पुस्तकात तर शिष्य योहान देवदूताच्या पाया पडतो आणि देवदूतसुद्धा म्हणतो, नको, मी तुझ्यासारखाच दास, देवाला नमन कर. आणखी एक काडी. मग येशूच्या जागा. वादळ थांबल्यावर नावेतली माणसं, जन्माचा आंधळा, येशूच्या रिकाम्या कबरेवरून परतणाऱ्या बायका, सगळ्यांनी त्याला नमन केलं, त्या बायकांनी तर पाय घट्ट धरले. तुलाराम प्रत्येक ठिकाणी थांबून पुढची ओळ दोनदा वाची. पुढच्या ओळीत येशू पाय मागे घेतो का? कुठेच घेत नव्हता. माघापर्यंत ते काळं पुस्तक काड्यांनी एवढं फुगलं की सुतळी बांधून ठेवावं लागलं.

फाल्गुनात तो पाटलाच्या घराचे कवेलू फेरत होता. खालून चंद्रभागाबाईंनी पाण्याचा लोटा वर दिला तेव्हा तो म्हणाला, “पाटलीनबाई, तुमी मले विचारलं होतं, काहून पळालास.”

“मंग? तीन वर्षानं याद आली का?”

“मी माणूस होतो म्हणून पळालो. कोनी देव म्हणून पाय धरले त माणसाले भेव वाटते. वाटलंच पायजे. जेले नाही वाटत तो एक त ढोंगी, नाही त...” तो थांबला. “बाकीचं पुनरुत्थानाच्या रविवारी सांगतो. तुमीबी या.”

चंद्रभागाबाई खरंच आल्या. पुनरुत्थानाच्या रविवारी, सत्याहत्तरच्या एप्रिलात, प्रार्थनेची खोली भरून दारापर्यंत माणसं बसली. घनश्याम आदल्या दिवशी नागपूरहून आला होता. तुलाराम उभा राहिला, सुतळी सोडली, आणि पुस्तकातल्या काड्या पाहून मागच्या पोरी खुदखुदल्या.

त्याने आधी घनश्यामच्या सगळ्या जागा स्वतःच वाचून दाखवल्या. “हे सारं लिवलं हाय. माह्या भावानं एकबी गोठ खोटी नाही सांगतली,” तो म्हणाला. घनश्यामने चमकून वर पाहिलं. मग तुलारामने तणसात पडल्याची गोष्ट सांगितली, कुंकवापासून दाढीपर्यंत. लोक हसले. या वेळी तोही त्यांच्याबरोबर हसला.

“घनश्याम म्हणे, माहे पाय खरं बोलले. बरोबर म्हणे. ते माह्याबद्दल खरं बोलले, मी माणूस हाव म्हणून. पौलाचे पायबी असेच बोलले. पेत्राचेबी, देवदूताचेबी. साऱ्याईनं पाय मांगं घेतले. आता ज्यानं नाही घेतले त्याच्या पायाले विचारू.” आणि तो एक-एक काडी काढत वाचत गेला. शेवटी थोमा आला. “थोमा भेवून ‘अरे देवा’ म्हणे, असं धरू. त येशूनं म्हणाचं होतं, बाप्पा, असं नको म्हणू, मी देव नोहे. तो म्हणते का? तो म्हणते, पाह्यलं म्हणून तू विश्वास ठेवला, न पाह्यता ठेवतीन ते धन्य.”

घनश्याम उठला. “दादा, राजाच्याबी पाया लोक पडत. दाविदाच्या पडले. म्हणून दावीद देव झाला का?”

हा प्रश्न येणार हे तुलारामला ठाऊक होतं. या प्रश्नावर त्याने मार्गशीर्षाचा अख्खा महिना घालवला होता. “नाही झाला. नुसतं वाकनं म्हणजे पूजा नोहे, हे तुहं खरं. पन सैतान जवा येशूले म्हणे, माह्या पाया पड, तवा येशूनं का सांगतलं? नमन एकट्या देवालेच कराचं. ज्यानं सोता हा कायदा सांगतला, तोच पुढं लोकाईले आपले पाय धरू देते, देव म्हणू देते, आन एका शब्दानं नको म्हणत नाही. मंग तो एक त ढोंगी, नाही त देव. ढोंगी त तूबी म्हणत नाही.”

“आन बाप मोठा हाय ते?”

“ते मले पुरतं नाही समजलं,” तुलाराम म्हणाला. सोमाजींनी कपाळाला हात लावला. पण तुलाराम अडखळला नाही. “मले येवढं समजलं का वरून खाली उतरला तो खालचा होऊन राह्यला. चिखलात उतरून रोवणा कराचा त मालकाचेबी पाय चिखलाचेच होते. माणूस झाला त माणसासारखी प्रार्थना केली, माणसासारखं काही ठावं नव्हतं. जेवढं समजलं तेवढं सांगतो. नाही समजलं ते समजलं म्हणून सांगत नाही.”

झुकलेल्या पाच घरांतली माणसं एक-एक करून उठली आणि तुलारामजवळ येऊन बसली. पाचही घरं तिथेच परत आली. दाराशी बसलेल्या चंद्रभागाबाई उठताना एवढंच म्हणाल्या, “आता समजलं बाप्पा, काहून पळालास ते.”

घनश्याम मात्र बसून राहिला. “तू खोटं नाही बोलला, दादा,” तो शेवटी म्हणाला. “पन माह्या मनाले अजून पटत नाही. पटलं नसताना हात पुढं करू त तोबी खोटाच.” ताट फिरलं तेव्हा त्याने पुन्हा हात जोडले.

सोमाजी ताडकन उभे राहिले. “झालं! फैसला झाला! काटा नाव!”

“काटाचं नाही,” तुलाराम म्हणाला. त्याचा आवाज एवढा चढलेला गावाने कधी ऐकला नव्हता. “येशू देव हाय हे मी शास्त्रातून दाखवलं. घनश्याम माहा भाऊ नोहे, हे कोनत्या पानावर हाय ते तुमी दाखवा!” ते पान सोमाजींना सापडलं नाही. मधुकररावांनी वही मिटली.

त्या संध्याकाळी सत्यभामाबाई म्हणाली, “गाव राखलं, बाबू. आता भाऊ राख.”

तुलाराम कामाला लागला. दरवर्षी धान निघालं की नव्या तांदळाचं गाठोडं डोक्यावर घेऊन तो पवनीहून नागपूरची एसटी धरी. घनश्याम चहा करी, बायको भजी तळी. दोघं भाऊ पिकाचं बोलत, गिरणीचं बोलत, मायच्या गुडघ्यांचं बोलत. त्या एका विषयाला कोणी हात लावत नसे. येताना तुलारामचं मन जड असे, पण पुढच्या वर्षी गाठोडं पुन्हा बांधलं जाई. कुंताबाई म्हणे, “अठ्ठ्यात्तर गेलं, एकोणऐंशी गेलं. तांदूळ खाऊन माणूस बदलते का?” तो म्हणे, “बदलाले नाही नेत. भाऊ हाय म्हणून नेतो.”

ब्याऐंशीच्या थंडीत सत्यभामाबाई गेली. एका पोळीतून तोडणारी दोन पोरं पाहायची तिची आस तशीच राहिली. दोघा भावांनी खांदा दिला, दोघांनी मिळून माती दिली. दुसऱ्या दिवशी तुलाराम घनश्यामला एसटीपर्यंत सोडायला गेला. गाडी आली तेव्हा घनश्याम एकाएकी खाली वाकला आणि थोरल्या भावाच्या पायांना हात लावायला गेला. तुलाराम टुणकन मागे सरला.

घनश्यामने वर पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू. “अजूनबी पळतेस गा, दादा?”

“माणूस हाव ना गा,” तुलाराम म्हणाला. त्याने काखेतलं फडक्यात गुंडाळलेलं पुस्तक भावाच्या हातात ठेवलं. “मायनं सांगतलं होतं, हे घनश्यामले दे. काड्यासकट दे.”

चार वर्षं गेली. तुलाराम आता मंडळीने आणून दिलेल्या नव्या पुस्तकातून वाची, पण त्याचं बोट जुन्या पानांची जागा शोधी. नागपूरला गेला की ते काळं पुस्तक त्याला फळीवर दिसे, सुतळीने बांधलेलं. उघडलं जातं की नाही, हे त्याने कधी विचारलं नाही. विचारावंसं मात्र दर वेळी वाटे.

शहाऐंशीच्या रोवण्यात, एका शनिवारी, तुलाराम बांधीत वाकलेला होता. बांधीच्या धुऱ्यावरून, बांधावरून कोणीतरी येताना दिसलं. चपला हातात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली आणि काखेत फडक्यातलं पुस्तक. रस्त्याच्या चिखलात घनश्यामचे पाय पोटऱ्यांपर्यंत माखले होते.

घरी आल्यावर ओसरीवर बसून त्याने पुस्तक उघडलं. तणसाच्या काड्या जागच्या जागी होत्या. पण एका पानात जळालेली आगकाडी होती.

“ही माही,” घनश्याम म्हणाला. “नागपुरात तणीस कोठी भेटते? ह्या पानावर तुही काडी नव्हती, दादा. तू पाय धरणाऱ्याईच्या जागा पाह्यल्या, हे पान तसंच पलटवलं.” तुलारामने वाचलं. शेवटच्या जेवणाच्या वेळी येशू उठतो, कंबरेला कापड बांधतो, घंगाळात पाणी घेतो आणि शिष्यांचे पाय धुतो. पेत्र घाबरतो, म्हणतो, माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस.

“पेत्र पाय मांगं घेते,” घनश्याम म्हणाला. “तुह्यासारखा. चार वर्ष मी ह्या पानावर बसून हाव. बाप मोठा हाय, हे मले अजूनबी तेथं दिसते, मी ते पुसणार नाही. पन जो आपले पाय मांगं घेत नाही, आन आमचे चिखलाचे पाय हातात घेते, त्याले का म्हणावं? मी लय शोधलं. देव, यावाचून दुसरा शब्द मले भेटला नाही.”

  तुलाराम उठला, घंगाळ आणलं, रांजणातून पाणी भरलं आणि भावासमोर खाली बसला. घनश्यामच्या ध्यानात आलं तसे त्याने पाय वर ओढले. “दादा, हे का? तू मोठा हायेस!”

“ठेव पाय,” तुलाराम म्हणाला. “आपल्या घरात एकानं त मांगं न घेता ठेवावे.”

घनश्यामने पाय ठेवले. तुलारामने पोटऱ्यांवरून, घोट्यांवरून, बोटांच्या बेचक्यांतून सगळा चिखल काढला. कवेलू झाडावा तसा, सावकाश.

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि मधुकररावही आलेले होते. प्रार्थनेच्या खोलीत दाराजवळ मायची चटई कुंताबाईने अजूनही तशीच अंथरून ठेवलेली असे. पोळी तिने त्या दिवशी नेहमीपेक्षा मोठी लाटली होती. पाळकांनी ती तोडली, ताट फिरत फिरत घनश्यामपुढे आलं आणि त्याने हात पुढे केला.